एकोणतीस आठे

"भावजी, यांच्या कपाळाला जरा हात लावून बघा," मालनवहिनी म्हणाल्या.

पहाटेचे साडेचार वाजले होते. तालुक्याच्या क्रीडांगणावर मांडवातले दिवे लागले होते आणि घाटगे सर कठड्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला. ज्यांनी निम्म्या तालुक्याला गणित शिकवलं, त्यांच्या कपाळाला हात कसा लावायचा, ते मला कळेना.

"लाव की लेका," सर म्हणाले. "पुस्तकांची धूळ झटकणाऱ्या हाताला ताप कळतो का, ते तरी बघू."

कपाळ गार लागलं. माझाच हात गरम होता की काय, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही.

"गार आहे," मी म्हणालो.

"गुरुवारी एकशे दोन होता," वहिनी म्हणाल्या. "गोळ्या घेऊन उतरवलाय. काल संध्याकाळी परत कणकण होती. बोलले नाहीत, पण दोन पांघरुणं घेऊन झोपलं की मला कळत नाही होय?"

"अगं, मार्चात पहाटे गारवा असतो."

"असतो ना. मग शेजारचे बनियनवर झोपतात ते कसे?"

सर हसले आणि नाडीला दुसरी गाठ मारली. ते नेहमी दुहेरी गाठ मारत. एकेरी गाठ पंचविसाव्या किलोमीटरला सुटते आणि तेव्हा खाली वाकलेला माणूस परत उभा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नगर वाचनालयात ग्रंथपाल होतो. चोपन्नाव्या वर्षी माझी साखर वाढलेली निघाली, तेव्हा सरांनी मला पहाटे कालव्याच्या रस्त्यावर नेलं आणि दोन वर्षांत पळायला शिकवलं. म्हणजे पळायला असं नाही. सावकाश जायला शिकवलं. पळणं कुणालाही येतं, सावकाश जाणं शिकावं लागतं, हे त्यांचंच वाक्य. आमच्या भागात त्या साली पहिल्यांदाच मॅरेथॉन होत होती. गावापासून धरणापर्यंत जायचं आणि कालव्याच्या रस्त्यानं परत यायचं, बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. मे अखेरीस सर निवृत्त होणार होते. पाच तासांच्या आत येऊन दाखवतो, असं त्यांनी प्रार्थनेच्या वेळी अख्ख्या शाळेसमोर सांगून टाकलं होतं.

बेचाळीस हा आकडा मनात मावत नाही म्हणून त्यांनी त्याची शाळा केली होती. चार किलोमीटरची एक इयत्ता. अशा दहा इयत्ता, आणि उरलेले दोन किलोमीटर म्हणजे बोर्डाचा पेपर. एका इयत्तेला अठ्ठावीस मिनिटं, कमी नाहीत, जास्त नाहीत. पहिलीत घाई करणारी पोरं सातवीत बसतात, असं ते म्हणत. पळताना फक्त चालू इयत्तेचा विचार करायचा, तिसरीतल्या पोरानं दहावीची काळजी करायची नाही. घड्याळ माझ्याकडे असे. वेग सांभाळायचं काम माझं, कारण सरांना वेग आवरत नसे आणि मला वाढवता येत नसे. आणि प्रत्येक इयत्ता संपली की मी त्यांना पाढ्यातलं एक विचारायचं. पळता पळता बोलता आलं तर चाल बरोबर आहे, धाप लागली तर जास्त आहे, अशी ती परीक्षा होती.

त्या पहाटे वहिनींनी तीच परीक्षा उचलली.

"बरं, जाऊ नका म्हटलं तर ऐकणार नाही तुम्ही," त्या सरांना म्हणाल्या. "मग असं करा. आज पाढा चुकला की थांबायचं. ताप डोक्यात गेला की माणूस बरळतो. माझ्या वडलांचं मी बघितलंय."

"पाढा? मी चुकीन?" सरांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकतोस का रे? बत्तीस वर्षं जे खाल्लं, तेच चुकीन म्हणते ही."

"मग शब्द द्यायला काय जातंय?"

"दिला. नरहरी 'चूक' म्हणाला की त्याच जागेवर बूट सोडीन. शब्द."

वहिनींचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्या माझ्याकडे वळल्या. माझी नजर कुणाच्या नजरेला फार वेळ टिकत नाही. मी त्यांच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिलो.

"भावजी, तुम्ही 'चूक' म्हणाल ना?"

"म्हणेन."

"तुम्हाला त्यांच्यासमोर बोलायला जमत नाही, म्हणून विचारलं."

"म्हणेन, वहिनी."

शर्यत पाचला सुटायची होती. पाच वाजले, साडेपाच वाजले. झेंडा दाखवायला येणारे पाहुणे वाटेत होते, असं माइकवरून दर दहा मिनिटांनी सांगत होते. मी उभ्या उभ्या हिशेब केला. पाचला सुटलो असतो तर दहाच्या आत परत आलो असतो. उशीर होत होता, त्यातलं प्रत्येक मिनिट शेवटी उन्हात जाऊन पडणार होतं. सरांना हे सांगावं असं वाटलं. पण त्यांना ते माझ्याआधी कळलं असणार, असंही वाटलं आणि मी गप्प राहिलो. पाहुणे आले, पाहुणे बोलले. सहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही सुटलो तेव्हा पूर्वेला लाल रेघ उमटली होती.

पहिली इयत्ता चांगली गेली. सगळे आमच्या पुढे निघून गेले.

"जाऊ दे," सर म्हणाले. "सातवीत भेटतील."

"तेरा साते?"

"एक्याण्णव. नरहरी, थट्टा करतोस काय? जरा पुरुषासारखं विचार."

दुसऱ्या इयत्तेला सतरा नव्वे विचारलं, एकशे त्रेपन्न आलं. तिसरीला तेवीस सक विचारलं, प्रश्न संपायच्या आत एकशे अडतीस आलं. तोडीला आलेले उसाचे फड ओलांडले. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉल्या बाजूला घेऊन आम्हाला वाट दिली. एकानं विचारलं, "कुणी मागं लागलंय का, मास्तर?" सर म्हणाले, "निवृत्ती लागलीय." चौथीला ऊन आलं. पाचवीच्या शेवटी धरणाची भिंत दिसली. तिथं सरांनी पेल्यातलं पाणी प्यायचं सोडून डोक्यावर ओतलं.

"प्यायचं पण आहे," मी म्हणालो.

"पुस्तकात आहे वाटतं?"

पुस्तकात होतं. उन्हात पळणाऱ्याच्या शरीराचं काय होतं, हे मी वाचनालयात आलेल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं आणि महत्त्वाच्या पानाला कागदाची खूण घातली होती. पण माझं सगळंच वाचलेलं. मी आयुष्यात काही वाचल्याशिवाय केलं नाही आणि जे वाचलं ते इतरांना सांगताना नेहमी जीभ अडखळली. सर मात्र तीस वर्षं पळत होते.

सहावीत ते अचानक पुढे गेले. मी घड्याळ बघितलं. एक किलोमीटर सहा मिनिटांत.

"सर, सावकाश. एक मिनिट कमी लागलं."

"मला कळतं."

त्यांनी मला कधी असं तोडलं नव्हतं. मग ते मागे पडले, मग परत पुढे गेले. ज्या माणसानं मला दोन वर्षं सारखी पावलं टाकायला शिकवली, त्याची पावलं कमीजास्त होत होती. परतीचा रस्ता कालव्याच्या कडेनं होता. उजवीकडे काँक्रीटमध्ये पाणी अगदी आवाज न करता वाहत होतं आणि डावीकडे ऊस काढून पाला जाळलेली काळी शेतं. रस्त्यावर आम्ही दोघंच. पुढे गेलेले दिसत नव्हते, मागे कुणी उरलं नव्हतं. पाणी द्यायला प्रत्येक तीन किलोमीटरला टेबल असेल म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या एका टेबलावर नुसते रिकामे पेले होते आणि माणूस नव्हता.

सातवी संपली. अठ्ठावीस किलोमीटर.

"सत्तावीस नव्वे?"

मी त्यांची पावलं मोजली. दहा, अकरा, बारा.

"सत्तावीस नव्वे, सर?"

"दोनशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "बहिरा नाही मी."

बरोबर होतं. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी माझी नजर त्यांच्या दंडावर गेली. शर्ट वाळला होता, त्यावर मिठाची पांढरी नक्षी उमटली होती आणि दंडावर काटा आला होता. सकाळचे साडेनऊ वाजले होते, डांबर चटके देत होतं, आणि त्यांच्या अंगावर काटा होता. खूण घातलेल्या पानावर हेच होतं. मला ओळी आठवत होत्या, त्या पानावर कोणत्या बाजूला होत्या तेही आठवत होतं.

"सर, थंडी वाजतेय का?"

"वारा सुटलाय."

कुठेही वारा नव्हता. कालव्यापलीकडच्या उसाचं एक पातं हलत नव्हतं.

आठवीत सर ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. जवळ जाऊन ऐकलं तर ते हजेरी घेत होते. "कदम. कांबळे. कोळेकर. कोळेकर कुठाय?" मला हसू आलं. खरंच आलं. मनाची तयारी म्हणून ते असलं काहीतरी नेहमी करत, पोरांची नावं घेत, उजळणी करत. तशातलंच आहे, असं मी धरलं. धरलं, की धरायचं ठरवलं, कोण जाणे.

बत्तीसची पाटी आली. दहा वाजून गेले होते. मी एकोणतिसाच्या पाढ्यातलं विचारलं, कारण तो त्यांचा आवडता पाढा. त्यात ते चुकणं शक्य नव्हतं.

"एकोणतीस आठे?"

उत्तर लगेच आलं. स्वच्छ, फळ्यासमोर उभं राहून द्यावं तसं.

"दोनशे बेचाळीस."

माझी पावलं चालूच राहिली. तीस आठे दोनशे चाळीस, त्यातून आठ गेले, दोनशे बत्तीस. मी परत केलं. दोनशे बत्तीस. तिसऱ्यांदा करताना आठ वजा करायचे की मिळवायचे, असा घोळ झाला आणि दोनशे अठ्ठेचाळीस आले. मीही बत्तीस किलोमीटर पळालो होतो. माझंही डोकं तापलं होतं. शाळेत मला पाढे कधीच आले नाहीत. एकोणतिसाला आलो की मास्तर छडी घेत. आणि समोर घाटगे सर. या दोघांत चुकलं कुणाचं असेल? हा प्रश्न मी खरंच स्वतःला विचारला. पुढे दहाच किलोमीटर उरले होते, हेही मनात होतं. मी आयुष्यात कसलीच रेघ ओलांडली नव्हती, हेही होतं.

सरांनी मान वळवली. डोळे लाल होते, पण माझ्यावर रोखलेले होते. ते वाट बघत होते.

"काय रे? बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढे बघितलं.

नववीच्या शेवटी मी त्यांना बे पंचे विचारलं.

त्यांनी दहा म्हटलं. इतका सोपा प्रश्न का, असं त्यांनी विचारलं नाही. एरवी त्यांनी माझी सालं काढली असती.

दहावीच्या शेवटी, चाळीसच्या पाटीपाशी, मी काहीच विचारलं नाही. गावाची पाण्याची टाकी दिसत होती. माइकचा आवाज येत होता. सरांचं तोंड उघडं होतं आणि ते वाकडे होऊन पळत होते, एक खांदा खाली, एक पाय घासत. घड्याळात पाच तास पुरे व्हायला वीस मिनिटं होती. मी ती बघत होतो. मी घड्याळ बघत होतो, हे लिहायलाच पाहिजे.

"घंटा झाली," सर म्हणाले.

"अजून थोडं, सर. बोर्डाचा पेपर राहिलाय."

"घंटा झाली रे, पोरं निघाली," असं म्हणत ते रस्ता सोडून डावीकडे वळले. जळक्या शेतात उतरले. आठदहा पावलं गेले आणि गुडघ्यांवर न येता, हात पुढे न करता, सरळ तोंडावर पडले.

मी त्यांना उलटं केलं. कपाळाला हात लावला. या वेळी काही शंका राहिली नाही.

मी ओरडलो, असं नंतर लोकांनी सांगितलं. ट्रॉलीवाले धावत आले. त्यांनी सरांना उचलून कालव्याच्या पाण्यानं भिजवलं आणि ट्रॅक्टरवर घालून गावात नेलं. ते त्या ट्रॅक्टरवाल्यांमुळे वाचले, असं डॉक्टर म्हणाले. ताप एकशे सातच्या वर होता. नऊ दिवस त्यांना शुद्ध नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं,

"भावजी, पाढे बरोबर येत होते?"

"हो."

"सगळे?"

"सगळे बरोबर आले, वहिनी."

त्यांनी मान हलवली. "मग तुम्ही तरी काय करणार," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात चहाचा पेला दिला.

सर उठले, चालू लागले, बोलू लागले. माणसं ओळखत. मला नरहरी म्हणत. फक्त आकडे गेले. किती वाजले ते सांगता येत नसे, ताटातल्या पोळ्या किती ते सांगता येत नसे. त्यांनी शाळेत परत पाऊल ठेवलं नाही. निरोप समारंभाची शाल मुख्याध्यापक घरी आणून देऊन गेले. सकाळी उठले की मात्र त्यांना पळायचे बूट लागत. वहिनी ते घालून देत, दुहेरी गाठ मारून. मग सर दिवसभर अंगणात ते घालून बसून राहत.

मी दर रविवारी जात असे. सर खुर्चीत ताठ बसत आणि म्हणत, "हं, विचार."

मी विचारत असे. सात आठे. बारा त्रिक. ते पूर्वीच्याच आवाजात कुठलाही आकडा सांगत. मी "बरोबर" म्हणत असे. त्यांचा चेहरा फुलत असे. वहिनी आत भाजी चिरत असत. त्यांना सगळे पाढे येत, सरांनीच शिकवले होते. पण त्यांनी कधी मधे तोंड घातलं नाही. अशी वीस वर्षं. एकोणतिसाचा पाढा मी त्यात एकदाही घेतला नाही.

घरी जाताना मी स्वतःला एकच सांगत असे. मी 'चूक' म्हटलं असतं, तरी काय झालं असतं? बत्तीस किलोमीटर पळून आलेले घाटगे सर थांबले असते? अख्ख्या शाळेला सांगून आलेला माणूस? मला झिडकारून पुढे गेले असते. या वाक्यावर मी वीस वर्षं झोपलो.

गेल्या रविवारी वहिनी चहा घेऊन आल्या आणि आत न जाता पायरीवर बसल्या. त्यांचे गुडघे आता दुखतात.

"नेहमी तेच तेच विचारता, भावजी," त्या म्हणाल्या. "एकोणतिसाचा विचारा की. तो आवडता होता त्यांचा."

मी हातातली बशी खाली ठेवली. सर खुर्चीत ताठ झाले होते.

"हं, विचार," ते म्हणाले.

मला दुसरं काहीही विचारता आलं असतं. एकोणतीस दुणे विचारता आलं असतं.

"एकोणतीस आठे?"

"दोनशे बेचाळीस."

लगेच. स्वच्छ. तोच आकडा. ज्या माणसाला वीस वर्षांत एक उत्तर दोनदा सारखं देता आलं नव्हतं, त्यानं तोच आकडा दिला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"काय रे? बरोबर ना?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मीही, कधी नव्हे ते, त्यांच्याकडे बघितलं. मग सरांकडे.

"चूक, सर," मी म्हणालो.

ते रागावतील असं मला वाटलं. रडतील असंही वाटलं. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी एकदा मान हलवली, जशी त्या दिवशी हलवली होती. मग ते सावकाश खाली वाकले. शर्टाचं बटण ज्यांना लावता येत नाही, ती बोटं नाडीची गाठ चाचपू लागली. दुहेरी गाठ होती, वेळ लागला. त्यांनी ती सोडली. मग दुसऱ्या बुटाची सोडली. दोन्ही बूट काढून एकाशेजारी एक नीट ठेवले, अनवाणी पाय जमिनीवर टेकले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

वहिनी त्या बुटांकडे बघत होत्या.

"कितव्या इयत्तेत, भावजी?" त्यांनी विचारलं.

"आठवीत," मी म्हणालो.